पावसाळ्यात घोडी बांधून ठेवायची की चालती ठेवायची?

तांबडीमाती | ५ जून

नमस्कार मंडळी. इथे शेती, कुत्री, गच्चीवरची बाग यांवर धागे ढिगाने आहेत, घोड्यावर फारसं काही सापडलं नाही म्हणून नवा काढतेय.

पौडच्या अलीकडे आमची थोडी जमीन आहे. तिथे सात वर्षांची काठेवाडी घोडी आहे, सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली. स्वभावाने गरीब, पण प्लॅस्टिक फडफडलं की बुजते. मी रोज सकाळी रपेट मारते, बारा वर्षांची लेक सुट्टीच्या दिवशी बसते. उन्हाळाभर पहाटे निघून आठच्या आत परत, असं छान चाललं. आता ढग जमायला लागलेत आणि पावसाच्या आधी सल्ले कोसळतायत.

गावातले जुने लोक म्हणतात, "दसऱ्यापर्यंत दावणीला बांधा, पावसात घोडं बाहेर काढलं की खूर सडतात." मी जिथे बसायला शिकले तिथले सर म्हणतात, एक दिवस खाडा नको. मुळशीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल की खाडा नको म्हणणं सोपं आहे. माती तांबडी, दोन सरींत लोण्यासारखी होते. डांबरी रस्त्याच्या कडेला शेवाळ. तबेल्याला पत्रा, त्यावर पाऊस वाजला की घोडी आतल्या आत गोल फिरत राहते.

तर खूर, चारा, माश्या, काम किती आणि कुठे, लेकीला बसवू की नको, सगळंच विचारायचंय. कोकणातल्या, घाटावरच्या, देशावरच्या सगळ्यांनी लिहा.

---

नालबंद | ५ जून

ताई, आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम. खुराचं तेवढं सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

गावकरी म्हणतात ते अर्धं खरं आहे. पावसात चालल्याने खूर सडत नाही, ओल्या लिदीत उभं राहिल्याने सडतो. बांधून ठेवलेली घोडी चोवीस तास मुतात आणि लिदीत उभी, मग खूर कुठले टिकणार? तळव्याच्या मधोमध जो त्रिकोणी मऊ भाग असतो त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा रोज उकरून साफ करा. बोटाला काळं लागलं आणि नाकात जाईल असा घाण वास आला, की सड सुरू झाली समजा. तिथेच पकडली तर साफसफाई, कोरडी जागा आणि पोव्हिडोन आयोडीन यावर भागतं. काही लोक मोरचूद भरतात. पातळ करून, नुसत्या सडलेल्या भागापुरता चालतो, पण जिवंत मांसाला लागला तर जाळतो. घोडी पाय आखडायला लागली तर घरगुती उपाय बंद करून डॉक्टरांना बोलवा.

तबेल्यात निदान अर्धी जागा उंच करून मुरूम ठोकून घ्या, उतार बाहेरच्या बाजूला. दिवसातून काही तास खूर पूर्ण कोरडे झाले पाहिजेत. ओल्या खुराला तेल चोपडू नका, आतली ओल आतच राहते.

नालांचं म्हणाल तर, पावसाळ्यात फक्त मातीवर आणि गवतावर चालणार असेल तर नाल काढून खूर नीट तासून मोकळे ठेवा. डांबरावर जाणारच असाल तर गुळगुळीत झालेला जुना नाल म्हणजे घसरगुंडी. पाच-सहा आठवड्यांनी नालबंदाला बोलवायचंच, नाल झिजला नसला तरी. खूर वाढतच असतो. आणि ढिला नाल चिखलात ओढला जाऊन निघतो, तो खुराची कड घेऊनच निघतो.

---

दस्तुरीनाका | ६ जून

माथेरानला आमचा घोड्यांचाच व्यवसाय. गावात मोटारींना बंदी, त्यामुळे माणूस-सामान सगळं घोड्यावर, हातरिक्षावर, पायी नाहीतर छोट्या रेल्वेगाडीने. आता ई-रिक्षा आल्यात, तो वेगळा वाद आहे, इथे नको.

आमच्याकडे जांभा दगड. उन्हाळ्यात धूळ, जूनमध्ये चिखल, आणि जुलैपासून उघड्या दगडावर जो बुळबुळीत थर चढतो त्यावर माणूससुद्धा उभा राहत नाही. अशा वाटेवर आम्ही घोडा फक्त चालवतो, दुडकीसुद्धा नाही. आणि मान मोकळी सोडतो. नवीन बसणारा घाबरून लगाम ओढतो, घोड्याचं तोंड वर जातं. उतारावर घोड्याला मान खाली घालून पाय कुठे पडतोय ते बघायचं असतं. तुम्ही तोंड वर बांधलंत तर तो आंधळा चालणार.

चढावर थोडं पुढे, अयाळ धरली तरी चालेल. उतारावर सरळ बसा, टाचा खाली. रिकिबीत पाय चवड्यापुरताच. पर्यटकांना हे दिवसभर सांगून घसा बसतो. चप्पल किंवा सपाट तळव्याचा बूट असेल तर पाय आरपार जातो, आणि पडल्यावर माणूस फरफटतो. टाच असलेला बूट घाला, लेकीलाही.

सर्वांत धोक्याची वस्तू छत्री. घोड्यावर बसलेल्या माणसाने खटकन छत्री उघडली की आमचे सवयीचे घोडेसुद्धा कान मागे टाकतात.

---

कोकणी_मी | ६ जून

वाचनखूण साठवली. घोडा नाही, पण धागा झकास.

---

घोडीस्वार_जुन्नर | ६ जून

आमची घोडी बैलगाडा शर्यतीतली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडच्या घाटात (म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर) बारी, म्हणजे एकेक बैलगाडा, सुटते तेव्हा बैलांच्या पुढे घोडी पळते, तिच्यावर स्वार असतो. काही सेकंदांचा खेळ, पण त्या सेकंदांत मागे सुटलेले बैल असतात, पडायची सोय नाही.

शर्यती बंद होत्या तेव्हा घोड्या दावणीला बसून होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि प्रत्येक जत्रेत घाट भरायला लागले. तेव्हा बघितलं, वर्षानुवर्षं बसलेली घोडी आठवड्याभरात घाटात उभी करणारे लोक. काय व्हायचं ते झालं, गुडघ्याखालच्या शिरा गेल्या, घोड्या कायमच्या लंगड्या.

म्हणून माझं मत सरळ आहे. बांधू नका. चालवत ठेवा. पाऊस असो नाहीतर ऊन, अर्धा तास चाल तरी झालीच पाहिजे. बसलेलं जनावर आणि बसलेला पैलवान, दोघांचं पोटच वाढतं.

---

डॉ_दावण | ७ जून

पशुवैद्यक म्हणून थोडी भर. जुन्नरकरांचा मुद्दा बरोबर आहे आणि त्याला कारण आहे. घोड्याचा दम महिनाभर कमी कामातही बराचसा टिकतो आणि पुन्हा लवकर येतो. हाडं आणि कंडरा तितक्या लवकर तयार होत नाहीत, त्यांना महिने लागतात. त्यामुळे बसून उठलेला घोडा दिसायला तगडा, पळायला उत्सुक आणि आतून कच्चा असतो. मालकाला वाटतं, दम आहे, पळू दे. दुखापत तिथे होते.

माझ्याकडे येणाऱ्या केसेस वर्षभर सारख्या येत नाहीत. भर पावसाळ्यात कमी, भर थंडीत कमी. गर्दी होते ती ऋतू बदलताना: पहिल्या पावसानंतरचे दोन-तीन आठवडे, मग ऑक्टोबरच्या उन्हात, मग लग्नसराई सुरू होताना. चारा बदललेला, जमीन बदललेली, काम अचानक वाढलेलं, तिन्ही एकदम. ताई, तुमचा प्रश्न पावसाळ्याबद्दल आहे, पण जपायचं आहे ते या जूनच्या मध्याला आणि पुढे दसऱ्याच्या आसपास.

चारा आधी. उन्हाळाभर वाळका कडबा आणि भुसा खाल्लेल्या घोडीला पहिलं लुसलुशीत गवत पोटभर दिलंत तर पोटशूळ येऊ शकतो, नाहीतर खुरांच्या आत सूज. घोड्याला उलटी होत नाही, चुकीचं गेलेलं बाहेर यायला एकच वाट. नवा चारा आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवा, जुना तितकाच कमी करा. धान्याचंही तेच: काम कमी केलंत तर हरभरा, जव, भरडा त्याच दिवशी कमी झाला पाहिजे. बुरशी आलेला कडबा टाकून द्या, गुरांनाही नको आणि घोड्याला तर नकोच. कोवळ्या हिरव्या ज्वारीचा धोका गुरं पाळणाऱ्यांना माहीत असतो. घोड्यांत ती हिरवी ज्वारी सतत खाऊन मूत्राशय आणि मागचे पाय निकामी झालेली जनावरंही असतात. हत्ती गवत किंवा मका बरा.

पोटशूळाची लक्षणं पाठ करा: पुढच्या पायाने जमीन खणणं, सारखं कुशीकडे वळून बघणं, लोळणं, घाम, लीद बंद. चारा काढून घ्या, फोन करा. "थोडा वेळ बघू" यात रात्र जाते.

आता आकडे. हे तबेल्याच्या भिंतीवर लिहून ठेवा. आरामात असताना ताप ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. नाडी जबड्याच्या खालच्या कडेला आतल्या बाजूने बोटांना लागते. धडधाकट असताना रोज मोजायची सवय लावा, म्हणजे आजारी पडल्यावर फरक कळेल. लांब पल्ल्याच्या घोडेशर्यतीत मधल्या तपासणीला नाडी ६४ च्या खाली आल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. घरच्या कामालाही हाच हिशोब वापरा: थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांत नाडी ६४ च्या खाली येत नसेल तर काम जास्त झालं.

माश्यांबद्दल रात्री लिहितो, ओपीडी सुरू झाली.

---

जुनेदिवस | ७ जून

डॉक्टरसाहेब, एक विचारतो. आमचे आजोबा संस्थानच्या पागेत मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, होते. ते म्हणायचे, घामेजल्या घोड्याला पाणी दाखवायचं नाही आणि अंगावर गार पाणी घालायचं नाही, अंग धरतं. तुमची नवी मंडळी याच्या उलट सांगतात. खरं काय?

---

डॉ_दावण | ७ जून

पूर्वी जगभर हेच शिकवायचे, लष्करी पुस्तकांतसुद्धा. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकआधी तिथल्या दमट उन्हाळ्याची धास्ती होती म्हणून यावर मोजून अभ्यास झाले. गार पाणी भरपूर ओतल्याने स्नायू धरत नाहीत आणि शरीराचं तापमान सर्वांत लवकर उतरतं, हे त्यातून पक्कं झालं. सगळ्या अंगावर ओता, ओतत राहा, सावलीत आणि वाऱ्यावर. ओला गोणपाट पाठीवर टाकून ठेवू नका, तो खालची ऊब अडवतो.

प्यायला द्यायचं. काम संपल्यावर चालवत, थोड्या थोड्या अंतराने, पण अडवायचं नाही. घोड्याच्या घामात रक्तापेक्षा जास्त मीठ असतं, आणि भर उन्हात जोराच्या कामात तासाला दहा लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो. नुसतं पाणी पाजून ते मीठ परत येत नाही. खाण्यात रोज साधारण ३० ग्रॅम साधं मीठ, कामाच्या दिवशी जास्त. साध्या दिवशी २५ ते ४० लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट धरा.

आजोबांचा नियम कुठून आला असेल याचा माझा अंदाज: त्या काळी घोडा दौडून आला की लगेच बांधून टाकायचे, त्यावर चांगला मोतद्दार सांगायचा की आधी फिरवा. फिरवण्याचा भाग आजही शंभर टक्के बरोबर.

आणि दमट हवेत एक वेगळी गोष्ट दिसते. काही घोड्यांचा घामच बंद होतो. मुंबईसारख्या किनाऱ्यावर, बाहेरून आणलेल्या घोड्यांत जास्त. काम करूनही अंग कोरडं, श्वास धापा टाकल्यासारखा, केस रुक्ष. असा घोडा उन्हात काढणं जिवावर बेतू शकतं.

---

जुनेदिवस | ७ जून

पटलं निम्मं. आजोबांच्या हातचे घोडे वीस-वीस वर्षं कामाला होते एवढंच म्हणतो.

---

रिकीब | ८ जून

तांबडीमाती ताई, मी नाशिकजवळ मुलांना घोडेस्वारी शिकवते. माझ्या हिशोबाने पावसाळा हा शिकवणीचा ऋतू. बाहेरची दौड बंद, आतला अभ्यास सुरू.

तुमची घोडी प्लॅस्टिकला बुजते. उत्तम, कामाला विषय मिळाला. रेनकोट घालून थेट तिच्यावर चढू नका. पहिल्यांदा रेनकोट कुंपणावर टांगून ठेवा, ती चरताना लांबून बघू दे. मग तुम्ही तो हातात घेऊन तिच्यापासून दूर चालत जा, आणि तिला मागून येऊ द्या. घोडा ज्या वस्तूच्या मागे चालतो तिची भीती लवकर जाते, अंगावर येणाऱ्या वस्तूची जात नाही. मग खांद्याला स्पर्श, मग पाठीवर. ती स्थिर उभी राहिली, मान खाली केली, ओठ चावले, की त्याच क्षणी वस्तू बाजूला. ती उडी मारत असताना बाजूला केलीत तर तिने उडी मारायला शिकलं. सगळी मेख या क्षणात आहे. लोक गूळ-गाजर देत बसतात आणि वेळ चुकवतात.

छत्रीचं असंच. आधी मिटलेली, मग अर्धी, मग उघडी, सगळं जमिनीवरून. पत्र्याच्या आवाजावर उपाय म्हणजे आत सोबत. शेजारी शेळी बांधली तरी फरक पडतो. एकटा घोडा म्हणजे घाबरणारा घोडा.

काव्यावर धरायला, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरवायला, कोरडी मऊ जागा हवी, आणि दोन्ही अंगांनी सारखं. निसरड्यावर लांब दोरीवर गोल फिरवणं बसण्यापेक्षा धोक्याचं, आतला पाय सरकला की घोडा कुशीवर पडतो. जागा नसेल तर काव्याऐवजी हाताने धरून वाटेवर चालवा: थांब, मागे सर, वळ, डबक्यातून चाल. घोडा डबक्याला नाटकं म्हणून अडत नाही. पाण्याची खोली त्याला वरून कळत नाही. त्याच्या डोळ्यांना जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण नाकासमोरचा आणि थेट मागचा पट्टा दिसत नाही. उजेडातून अंधारात गेल्यावर आपल्यापेक्षा त्याला सरावायला जास्त वेळ लागतो, म्हणून ढगाळ संध्याकाळी दाट झाडीत शिरताना दोन क्षण थांबा.

उधळलेला घोडा दोन्ही लगाम ओढून थांबत नाही, तो त्यावर भार देऊन पळतो. एका बाजूचा लगाम हळूहळू आखडत मान वळवून घ्यायची, तो गोल फिरायला लागतो आणि वेग पडतो. पण हे आधी उभ्या घोड्यावर, मग चालीवर, मग दुडकीवर शंभर वेळा केलेलं असेल तरच. भरधाव घोड्यावर, चिखलात, पहिल्यांदाच मान झटकन वळवलीत तर दोघंही आडवे.

लेकीला बसवा. मोकळ्या माळावर नको, कुंपणाच्या आत, तुमच्या हातात दोरी, डोक्याला पट्टा लावलेलं हेल्मेट. क्रिकेटचं किंवा सायकलचं चालणार नाही, घोडेस्वारीचंच.

चामड्याचंही बघा. ओला लगाम हातातून निसटतो, आणि बुरशी धरलेल्या तंगाची (खोगिराच्या पोटपट्ट्याची) शिवण वरून ठीक दिसून आतून गेलेली असते. रोज ओढून बघा. बसल्यावर पाच मिनिटांनी तंग पुन्हा आवळायचा, पोट फुगवणारी घोडी असेल तर नक्कीच.

---

तांबडीमाती | ८ जून

रिकीब ताई, दंडवत! रेनकोट आजच कुंपणावर टांगला. घोडीने अख्खा माळ सोडून दुसऱ्या टोकाला तळ ठोकलाय.

वीज आणि ओढ्याचं कुणी सांगाल का? आमच्या वाटेवर दोन ओढे आहेत.

---

दस्तुरीनाका | ८ जून

गढूळ पाणी, तळ दिसत नाही, म्हणजे परत फिरा. उतरून काठी घालून बघा वगैरे शहाणपणा नको, जाताना गुडघाभर असलेला ओढा येताना पोटाला लागतो. गडगडाट ऐकू आला की कड्यावरून, माळावरून खाली. एकट्या झाडाखाली उभं राहू नका.

---

डॉ_दावण | ९ जून

माश्या राहिल्या होत्या.

मोठी चावरी घोडमाशी पावसाळ्यात आणि त्याच्या लगेच नंतर जोरात असते. तिच्यामुळे सर्रा होतो. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यकाने पंजाबात घोड्या-उंटांच्या रक्तात याचा सूक्ष्म परजीवी शोधला, आणि अजूनही हा रोग आपल्याकडे दरवर्षी घोडे मारतो. ताप येतो-जातो, घोडा खाऊन-पिऊन खंगतो, पाय आणि पोटाखालचा भाग सुजतो, चाल लडखडते. ताप उतरलेल्या दिवशी मालक म्हणतो बरा झाला. ताप चढलेला असतानाच रक्त तपासायला द्या, तेव्हा परजीवी सापडायची शक्यता जास्त. औषध आहे आणि वेळेवर दिलं तर चालतं, पण मात्रा वजनावर ठरते. दुकानातून आणून स्वतः टोचू नका. शेजारी म्हशींचा गोठा असेल तर लक्षात ठेवा, त्या आजारी न दिसता हा परजीवी बाळगू शकतात.

दुसरं बरसाती. पावसाळ्यात जखम भरतच नाही, लाल दाणेदार मांस वाढतं, खाज सुटते, आत पिवळट खडे सापडतात. घोड्याच्या पोटातल्या एका जंताच्या अळ्या माश्या जखमेवर आणून सोडतात, त्याची ही करामत. थंडीत आपोआप सुकते म्हणून लोक दुर्लक्ष करतात, पुढच्या पावसात पुन्हा तीच. डोळ्याचे कोपरे, ओठ, पायाचे ओरखडे झाकून ठेवा, लीद तबेल्यापासून लांब टाका आणि जंताचं औषध डॉक्टरांना विचारून वेळापत्रकाने द्या.

धनुर्वाताची लस झाली आहे ना? घोडा धनुर्वाताला फार नाजूक. खुरात खिळा गेला तरी पुरे.

---

वाड्यावरचा | ११ जून

आमी धनगर. वाडवडिलांपासून दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं, पावसाच्या आधी वर देशावर यायचं. बिऱ्हाड सगळं घोड्यावर: भांडी, पाल, कोंबड्या, नुकतं व्यालेलं कोकरू, कधी लहान पोर. तुमी ज्याला आता भीमथडी म्हणता ती हीच तट्टं. सरकारदरबारी अलीकडं वेगळी जात म्हणून नोंद झाली म्हणं, चांगलं झालं.

आमचं घोडं कधी बसत न्हाई, कधी पळत पण न्हाई. बारा महिने चालतंय. घाट उतरायच्या आधी चार-आठ दिवस वजं कमी ठेवायचं, मुक्काम जवळ जवळ करायचे. कोकणातलं गवात येगळं, पाणी येगळं, लगेच भरपेट चरू द्यायचं न्हाई. डॉक्टर जे बोलले तेच, फकस्त आमच्या म्हाताऱ्यांनी कागदावर लिवलं न्हाई.

एक सांगतो ताई, सकाळी उठलं की आधी लीद बघा. गोळे बांधलेले, ओलसर, फोडलं की चारा बारीक झालेला पाहिजे. कडक लहान गोळे पडले तर पाणी कमी पितंय. पातळ झालं तर हिरवं जास्त झालं. दाणे अख्खे दिसले तर दात बघा.

---

घोडीस्वार_जुन्नर | ११ जून

दादा, एक नंबर. "बसत न्हाई, पळत पण न्हाई" हे माझ्या पोस्टपेक्षा नीट सांगितलंत.

---

हिमरेषा | १२ जून

मिनेसोटातून. इथे उलटा खेळ, हिवाळ्यात जमीन दगड होते आणि नाल असलेल्या खुराखाली बर्फाचे गोळे जमतात, घोडा उंच टाचेच्या चपला घातल्यासारखा डुगडुगतो. बरेच लोक म्हणून नाल काढतात.

भारतातून आलेल्या माझ्यासारख्याला पहिल्या वर्षी वाटलं, उणे पंधरात घोडे बाहेर, हे क्रूर आहे. पण अंग कोरडं असेल, वाऱ्याला आडोसा असेल आणि वाळकं गवत पोटभर असेल तर घोडा मजेत राहतो. गवत पोटात आंबतं त्याचीच ऊब. त्रास होतो तो ओलं अंग आणि वारा एकत्र आल्यावर. पाणी मात्र कोमट ठेवतो. थंडीत घोडे पाणी कमी पितात आणि पोटात चारा अडकतो.

---

निफाडकर | १२ जून

आमच्याकडे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायची थंडी पडते तेव्हाही घोडे पाणी कमीच पितात. सकाळच्या पाण्यात कोमट मिसळायचं हे आम्हीही करतो. झूल दिवसा काढायला विसरू नका, उन्हं वर आली की आत घामाने भिजतात.

---

पागोटे | १२ जून

अवांतर: रेसचे घोडे जुलै ते ऑक्टोबर पुण्यात आणि नोव्हेंबर ते एप्रिल महालक्ष्मीला पळतात. भर पावसाळ्यात मुंबईची धावपट्टी चिखल, पुणे पर्जन्यछायेत. पुण्यात चालतंय म्हणून पौडला चालेल असं नाही, मधल्या पंचवीस-तीस किलोमीटरांत पाऊस कितीतरी वाढतो. सरांचा "खाडा नको" हा पुण्याचा नियम असावा.

---

तांबडीमाती | २० ऑगस्ट

धागा वर काढते, अहवाल द्यायचा राहिला होता.

बांधलं नाही. उघडीप मिळेल तेव्हा हातात धरून किंवा बसून, फक्त चालीवर, गावातल्या मुरमाच्या वाटेने. मुसळधार असेल तेव्हा छपराखाली रेनकोट, ताडपत्री, छत्री. ताडपत्रीवर ती आता उभी राहते, छत्रीला अजून एक पाऊल मागे जाते. मागचे नाल काढलेत, पुढचे ठेवलेत, नालबंदांनीच तसं सुचवलं कारण पुढच्या खुरांच्या कडा कच्च्या आहेत. डाव्या मागच्या खुरात सडीचा वास जुलैत आला होता, मुरमाचा चौथरा केल्यावर गेला. हरभरा निम्म्यावर आणला. शेजारी शेळी आली आहे, आता दोघींना वेगळं करता येत नाही ही नवी अडचण.

पुढचं विचारते. नवरात्रात मोकळं होईल. दसऱ्याला पूजा करून लगेच लांबची रपेट मारायचा घरच्यांचा बेत आहे. आणि एका ओळखीच्यांनी डिसेंबरच्या लग्नात नवरदेवासाठी घोडी मागितली आहे.

---

डॉ_दावण | २१ ऑगस्ट

दसऱ्याला पूजा करा, हार घाला, फोटो काढा. लांबची रपेट दिवाळीनंतर. सप्टेंबरपासून चाल वाढवत न्या, मग दुडकी मिसळा, चढ सगळ्यात शेवटी. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवायची: अंतर किंवा वेग किंवा चढ. ऑक्टोबरचं ऊन मे महिन्यापेक्षा फसवं, कारण हवेत दमटपणा राहिलेला असतो आणि घोडीची उन्हाची सवय गेलेली असते. पुन्हा पहाटेची वेळ.

---

रिकीब | २१ ऑगस्ट

लग्नाला देऊ नका. वरातीची घोडी वेगळी घडवलेली असते, ढोल, बँड, फटाके, जनरेटर यांत वाढलेली. तुमची छत्रीला मागे सरते. वर बसणारा आयुष्यात पहिल्यांदा बसणार, हेल्मेट नाही, हातात तलवार, मांडीवर पुतण्या. खाली डांबर. समोरून दहा हजारांची माळ. पडला तर नाव घोडीचंच खराब होणार.

---

घोडीस्वार_जुन्नर | २१ ऑगस्ट

+१. ओळखीच्यांना सांगा घोडी गाभण आहे. विषय संपला.

---

तांबडीमाती | २२ ऑगस्ट

गाभण सांगितलं तर जानेवारीत शिंगरू बघायला येतील! सरळ नाही म्हणाले आहे. थोडे रुसलेत.

शेवटचं एक. दत्तजयंतीला सारंगखेड्याला जायचा विचार आहे, घोडी घेऊन. विकायची नाही, चाल दाखवायची हौस.

---

डॉ_दावण | २२ ऑगस्ट

हौस आहे तर जा, तापीकाठचा तो बाजार बघण्यासारखा आहेच. पण तिथे दूरदूरच्या राज्यांतून घोडे येतात आणि एकाच हौदावर पाणी पितात. निघण्याआधी सरकारी पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र आणि ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी करून घ्या. नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रासारख्या मान्य प्रयोगशाळेत जातो, त्यामुळे नोव्हेंबरच्या आतच द्या. ग्लँडर्स माणसालाही होतो. २००६ मध्ये महाराष्ट्रातच तो पुन्हा उद्भवला होता. खात्रीने आजारी ठरलेला घोडा कायद्याने मारावाच लागतो, उपचार करत नाहीत.

बादली, तोबरा, खरारा, म्होरकी सगळं स्वतःचं न्या. कुणाला उसनं देऊ नका, कुणाचं घेऊ नका. गाडीत तळाला काथ्या किंवा वाळूचा थर, डोकं खाली करता येईल इतकी दोरी मोकळी, गाठ एका ओढीत सुटणारी. तीन-चार तासांनी थांबून पाणी. परत आल्यावर दोन-तीन आठवडे बाकीच्या जनावरांपासून वेगळी बांधा आणि रोज ताप बघा.

---

वाड्यावरचा | २३ ऑगस्ट

शेळीपासून बी वेगळी बांधा. ती वरडंल, पण बांधा.

---

तांबडीमाती | २३ ऑगस्ट

रक्त द्यायला सोमवारी जाऊन चौकशी करते. गाडीवाला कुणाच्या ओळखीचा असेल, घोडे नेण्याची सवय असलेला, तर व्यक्तिगत निरोप करा.